सासऱ्यांच्या अठरा बिया

१४ सप्टेंबर, गुरुवार

अठराच्या अठरा पेरल्या.

ही वही घरखर्चाची. मागची पानं कोरी होती, नवी वही कशाला! पुढून साबण, रॉकेल, मक्याचं पीठ, मागून हे. कुणाच्या हाती लागली तर पुढूनच उघडेल.

एकदाच लिहून टाकते — गांजा. गांजा पेरला. मी! चर्चच्या गुरुवारच्या महिलासभेची खजिनदार, निळा झगा आणि पांढरा रुमाल घालून पहिल्या बाकावर बसणारी.

पण करणार काय? ह्यांचा डावा पाय खाणीत दगडाखाली सापडला त्याला अकरा वर्षं झाली. हाड जुळलं, कळ राहिली. लाल गोळीवर निभत होतं. फेब्रुवारीत दवाखान्यातल्या सिस्टरने रक्त तपासलं. रक्तदाब चढलेला, मूत्रपिंडं थकलेली. म्हणाली, ही लाल गोळीच मूत्रपिंडं खातेय, बंद करा. आणि मीठ बंद. चिमूटभरसुद्धा नाही. तेव्हापासून दुपारी चारला कळ सुरू होते आणि हे उशीचा कोपरा दातात धरतात. ओरडत नाहीत. ओरडले असते तर बरं.

शेजारच्या मान्तुसीने तिच्या वाडीतला पाला दिला होता एकदा. शहरातलं नवं बी. कपभर काढा घेतला आणि ह्यांचं काळीज असं धडधडलं की सदरा हलताना दिसत होता. नको बाई! सासऱ्यांचं बी तसं नव्हतं. त्या पानांचा चहा घेऊन सासरे नुसते गप्प बसत, आणि झोपत. ते बी आता ह्या डोंगरात कुणाकडे नाही, सगळ्यांनी नवं लावलं. सासऱ्यांच्या तपकिरीच्या डबीत तळाशी अठरा निघाल्या. ह्या मेल्या की संपलं.

बबाल्वाने डर्बनहून कोकोपीटची वीट पाठवलीय — नारळाचा भुसा, दाबून वाळवलेला. 'आई, इकडे सगळे ह्यातच लावतात.' लेकीवर भरवसा आहे, विटेवर अर्धाच. म्हणून नऊ भुशात, नऊ आपल्या लाल मातीत. आंबट दुधाचे रिकामे डबे जपून ठेवले होते, ते कामी आले. तळाला भोकं, खाली पत्र्याचं तबक.

पाण्याच्या मगात अर्धा कप प्रार्थनेचं पाणी घातलं. ह्यांना पहाटे अनशापोटी देते तेच, तेवढंच. सूर्य उगवायच्या आत समुद्रावर भरलेलं, पाद्रीबाबांनी हात ठेवलेलं. ह्या घरात तेवढं एकच औषध असं आहे की ज्याची मला भीती वाटत नाही.

मग तीनदा हात धुतले आणि सभेला गेले.

१५ सप्टेंबर

काही नाही. उगाच चारदा बघून आले.

१९ सप्टेंबर, मंगळवार

आल्या! भुशातल्या पाच, मातीतल्या सहा. मान वाकवून, डोक्यावर बियांची टोपी घेऊन. ह्यांना काठी दिली आणि मागच्या भिंतीशी घेऊन गेले. किती वेळ बघत होते. म्हणाले, "आमच्या बापाच्या ह्या नाती. पोरीच निघू देत, पोरं नकोत. नर झाड काही कामाचं नसतं."

मी म्हटलं, "अहो, बबाल्वा झाली तेव्हा नेमकं उलटं म्हणाला होतात!"

खूप दिवसांनी हसले. हसताना पाय हलला आणि हसू तिथेच थांबलं.

२२ सप्टेंबर

भुशात आठ, मातीत नऊ. एक बी कुजलं. सतरा.

सकाळी आधी ह्यांचा कप, मग रोपांचं पाणी, दोन्हीकडे तीच प्रार्थना. तबकात खाली उतरलेलं पाणी मी फेकत नाही. सार्वजनिक नळावरून डोक्यावर आणायचं आणि मातीत ओतून टाकायचं? संध्याकाळी तेच परत वरून घालते. त्यात प्रार्थनेचं पाणी असतं, ते तर पायाखाली जाताच कामा नये.

ह्यांच्या घोट्यावर बोट दाबलं तर खळगा पडतो. मोजला — चाळीस आकडे म्हणेपर्यंत भरला नाही. मागच्या महिन्यात वीस होते.

२६ सप्टेंबर, मंगळवार

दवाखाना. रक्तदाब वर. सिस्टर माझ्याकडे वळली.

"आई, मीठ घालताय."

"नाही."

"सूपच्या वड्या?"

"नाही."

"टिनचे मासे? चिप्स? शेजारपाजारचं जेवण?"

मी ही वही पिशवीत नेली होती. पुढची पानं उघडून तिच्यापुढे धरली — बघा, फेब्रुवारीपासून मिठाचा एक पुडा नाही! माझी मीसुद्धा अळणी खाते, त्यांच्या समोर मीठ कसं घेऊ! हात वर करून शपथ घेतली, चिमूटभर नाही. बाकावरच्या सगळ्या बाया ऐकत होत्या. हे म्हणाले, "सिस्टर, हिच्या शपथेवर शंका घेऊ नका. हिच्या हातचं खाऊन मला आता माझी जीभसुद्धा अळणी लागते."

सिस्टर हसली नाही. तिने आकडे लाल पेनने लिहिले.

वही मागून उघडली गेली असती तर! घरी येईपर्यंत पिशवी छातीशी धरून बसले होते.

२७ सप्टेंबर

धास्ती होती तेच झालं. मान्तुसी कुंपणाच्या फटीतून शिरली, तिची कोंबडी शोधत. कोंबडी भिंतीमागेच होती, डब्यांच्या शेजारी.

"अगं बाई, माभेले! देवाची बाई आणि हे?" कमरेवर हात ठेवून खदखदून हसली. "आणि माझं दिलेलं ओतून टाकलंस तेव्हा मला काय म्हणाली होतीस? 'सैतानाचा पाला!' मग हा कुठल्या देवदूताचा?"

"हळू बोल ना गं."

"का? पाद्रीबाबांना लांबचं ऐकू येतं?"

तिचं तोंड म्हणजे गावचा भोंगा. काय करावं सुचेना, तर एक डबा उचलून तिच्या हातात दिला — मातीतला, चांगला. ह्यांच्या वडिलांचं बी आहे, तुझ्याकडे ठेव म्हटलं. तिने डबा आणि कोंबडी दोन्ही काखोटीला मारलं. जाताना म्हणाली, "भिऊ नकोस. कोर्टाने सांगितलंय, घरापुरतं लावलं तर कुणी धरत नाही."

कोर्टाने सांगितलंय! कोर्ट काय माझ्या सभेला येतं?

भुशात आठ, मातीत आठ. तोंड बंद ठेवायला सासऱ्यांची एक नात दिली. देवा, क्षमा कर.

१ ऑक्टोबर, रविवार

पानांची टोकं तपकिरी. कुणी काडीने चटका दिल्यासारखी. भुशातल्या सगळ्यांची, मातीतल्या तिघींची.

आजच्या प्रवचनात शेतातल्या निदणाची, गव्हात उगवलेल्या तणाची, गोष्ट निघाली. पाद्रीबाबांनी 'निदण' म्हणताना माझ्याकडे बघितलं, की मला वाटलं?

३ ऑक्टोबर

भुशातल्या माना टाकतायत. भुसा ओला आहे, तरी! ओल्यात उभं राहून तहानेने मेल्यासारख्या. बबाल्वाला फोटो पाठवला. तिचा आवाजी निरोप आला: "आई, कोकोपीटमध्ये मातीसारखा कस नसतो गं, खायला द्यावं लागतं."

म्हणून गोठ्यातलं जुनं शेण भिजवून, गाळून, पातळ करून घातलं. संध्याकाळपर्यंत आणखी दोघी आडव्या.

ह्यांनी विचारलं, "पोरी कशा आहेत?"

म्हटलं, बऱ्या आहेत. ह्यांच्याशी पहिल्यांदा खोटं बोलले. नाही, पहिल्यांदा नाही. पण असं नाही.

५ ऑक्टोबर, गुरुवार

भुशात पाच, मातीत सात. बारा.

आणि आज सकाळी जे पाहिलं ते लिहायलाच भीती वाटते. डब्यांतल्या मातीवर पांढरी पूड. पातळ, साय धरल्यासारखी, कडेकडेने. काल नव्हती! निदान मला दिसली नव्हती.

कुणीतरी रात्री येऊन टाकलीय. अशी पूड कशाला टाकतात ते मला माहीत आहे. माझ्या मावशीच्या उंबऱ्यावर टाकली होती, तिची दोन वासरं गेली आणि मग ती.

कोण? कुंपणाला फट एकच आहे.

सभेत मन लागलं नाही. वर्गणी दोनदा मोजली, दोनदा वेगळी आली. मी मोजलेली! घरी आल्यावर प्रार्थनेचं पाणी वाढवलं. रोपांच्या मगात आता एक कप. उंबऱ्यावर शिंपडलं. जे घरावर आलंय ते आधी आजारी माणसावर येतं, म्हणून उद्यापासून ह्यांनाही एक कप.

६ ऑक्टोबर

कप बघून हे म्हणाले, "आज भरती आहे वाटतं."

"चेष्टा नको. डोळे मिटा आणि प्या."

प्यायले. माझं ऐकतात. कधी नाही म्हणत नाहीत.

८ ऑक्टोबर, रविवार

हे रात्री आडवे होऊ शकत नाहीत. आडवं झालं की छातीवर कुणी बसल्यासारखं होतं म्हणतात. बसूनच झोपले. खळगा साठ आकड्यांपर्यंत भरला नाही, मग मी मोजायचं थांबवलं.

चर्चला गेले नाही. तोंड नव्हतं.

९ ऑक्टोबर

पोलिसांची गाडी वरच्या रस्त्याने आली. कुणाचे तरी बैल चोरीला गेलेत त्यासाठी, हे मागून कळलं. पण तेव्हा? सगळे डबे उचलून आतल्या खोलीत, लग्नातल्या पेटीत कोंबले. वर चादर. पेटीवर बसले. पेटीवर बसून मी मटार सोलत होते. मटार नव्हतेच! रिकाम्या ताटात हात फिरवत होते.

ह्यांनी ते बघितलं. म्हणाले, "माभेले, माझ्या पायासाठी तू एवढी भिऊ नकोस गं."

पायासाठी नाही भीत. पाय आता राहिला बाजूला. पण हे त्यांना कसं सांगायचं?

११ ऑक्टोबर, बुधवार

भुशात दोन. मातीत सहा.

लाज सोडली आणि तात न्दाबेनींना बोलावलं. सासऱ्यांचे जोडीदार, नव्वदीचे. डोंगरउतारावर दोघांनी मिळून आयुष्यभर हेच लावलं. डोळ्यांनी अधू झालेत. डबा नाकाशी नेला, बुंधा दोन बोटांत धरला, मग त्या पांढऱ्या पुडीवर बोट फिरवलं आणि —

मी ओरडले, "तात, नको! ती टाकलेली पूड आहे!"

त्यांनी बोट चाटलं.

मला वाटलं, म्हातारा आता माझ्या अंगणात पडणार. ते थुंकले आणि म्हणाले, "टाकलेली खरी. पण ह्या पुडीला वैदूकडे जावं लागत नाही, पोरी. दुकानात मिळते. जेवणात घालतात."

"म्हणजे?"

"मीठ. पानाची कड जळते, मुळाला पाणी ओढता येत नाही, वर मीठ फुलतं. समुद्राकाठच्या शेतात बघितलंय मी. नारळाचा भुसा म्हणतेस ना? नारळ समुद्रालगतच होतो. न धुता घातलास?"

न धुता. 'धुऊन घे' असं बबाल्वा म्हणाली होती का? आठवत नाही. जीव भांड्यात पडला. पूड नव्हती, नारळाचंच मीठ!

तात उठता उठता थांबले. "पण मातीतल्यांत कुठून आलं?"

हे आतून खिडकीतून ऐकत होते. म्हणाले, "आठ महिने मला चिमूटभर दिलं नाही हिने, आणि त्या पोरी मिठात लोळतायत!" दोघे म्हातारे हसले. मी चहा करायला आत गेले.

मातीतल्यांत कुठून आलं?

१२ ऑक्टोबर

पहाटे प्रार्थना करताना एक गोष्ट मनात आली. लगेच क्षमा मागितली. ती इथे लिहिणार नाही.

लहानपणी आमच्या आईने पेरणीआधी शेताच्या चारी कोपऱ्यांना प्रार्थनेचं पाणी शिंपलेलं मी बघितलंय. मका आला होता! प्रार्थना झाल्यावर ते पाणी समुद्राचं राहत नाही. पाद्रीबाबा दर वेळी सांगतात.

मान्तुसीनेच केलंय. दुसरं कोण?

१३ ऑक्टोबर, शुक्रवार

रागाने गेले तिच्याकडे. काय बोलायचं ते वाटेत घोकत होते.

तिच्या ओट्यावर, टाकीच्या सावलीत, माझा आंबट दुधाचा डबा. त्यात सासऱ्यांची नात. वीतभर उंच! हिरवीगार, पानांच्या चार जोड्या, पंजे पसरून उभी. त्याच दिवशीची, त्याच मातीतली, माझ्याच हातची.

वाकून पानांच्या कडा बघितल्या.

मान्तुसी म्हणाली, "काय गं, भूत बघितलंस का?"

"काय घालतेस हिला?"

"काय घालणार? टाकीतलं पावसाचं पाणी. आणि शिव्या. कोंबड्यांना देते त्यातल्याच."

"बाकी काही नाही?"

"बाकी तू काय घालतेस?"

पळतच घरी आले.

१४ ऑक्टोबर

वहीत दोन रकाने केले. हिशेब चुकला की मी असंच करते, दोन्हीकडे जे सारखं आहे ते खोडत जायचं. बी सारखं, खोडलं. माती सारखी, खोडली. डबा, ऊन, दिवस खोडले. तिची शिवी आणि माझी प्रार्थना, ती खोडायची की नाही कळेना, ठेवली.

उरलं पाणी.

तिच्या रकान्यात — पावसाचं. माझ्या रकान्यात — नळाचं. आणि त्यात अर्धा कप, मग एक कप. तबकातलं उरलेलं परत, रोज, परत.

पेन ठेवलं. गुडघ्यांवर बसले. देवाला काय विचारणार, तुझं पाणी मारतं का? की माझीच श्रद्धा इतकी खोटी, की माझ्या हातात आल्यावर ते परत समुद्राचं होतं?

१५ ऑक्टोबर, रविवार

रोपांना काहीच घातलं नाही. ना हे पाणी, ना ते.

ह्यांना कप दिला. निदान त्यांच्या बाबतीत तरी ढिलाई नको. घरावर संकट असताना दोन्हीकडचा हात काढून घ्यायचा नसतो.

१७ ऑक्टोबर, मंगळवार

मान्तुसीकडे दोन बादल्या पावसाचं पाणी मागितलं. तिच्याकडे काही मागायची माझी ही पहिलीच वेळ. वाटलं होतं, आता टोमणे ऐकावे लागणार. ती म्हणाली, "चार घे. आणि बादल्या मी आणते, तू पुढे हो."

तात न्दाबेनींनी सांगितलं तसं केलं. डब्यात वरून ओतायचं, खालून गळू द्यायचं, गळलेलं फेकायचं. पुन्हा ओतायचं. जीव तुटला ते फेकताना. मातीच्या खालून आलेलं पाणी मी जिभेला लावलं. मग तोंड धुतलं. मग परत लावलं.

मान्तुसीने माझ्या पाठीवर हात ठेवला. तिला सगळं कळलं असावं. उद्या गावभर होईल.

२० ऑक्टोबर

आणखी तिघी गेल्या. भुशात एक, मातीत चार. पाच.

गावभर झालं नाही. का नाही झालं?

२४ ऑक्टोबर, मंगळवार

दवाखाना. हे लिहूनच ठेवते, नाहीतर माझ्या डोक्यात नुसतं घोंघावत राहील.

सिस्टरने पट्टा दोनदा बांधला. दुसऱ्यांदा आकडा बघून कागद पालथा घातला, ह्यांना दिसू नये म्हणून. मला बाहेर घेऊन आली.

"आई, खरं सांगा. मी ओरडणार नाही."

"सिस्टर, घरात मिठाचा कण नाही."

"मग काय आभाळातून पडतं? हे शरीर मिठाने फुगलंय. पुढच्या महिन्यात असंच राहिलं तर मोठ्या इस्पितळात, रक्त धुवायच्या मशीनवर. आणि तिथे रांग आहे. तरुण माणसांची रांग आहे, आई. कळतंय ना मी काय म्हणतेय ते?"

कळतंय.

पुन्हा वही काढली. फेब्रुवारी, मार्च, एप्रिल, सगळी पानं तिने बोट फिरवून वाचली. साबण, रॉकेल, पीठ, घेवडा, चहा. शेवटी म्हणाली, "एवढा चोख हिशेब मी माझ्या घरीसुद्धा ठेवत नाही." डोळ्यांत पाणी होतं तिच्या. म्हणजे आता तीही माझ्यावर विश्वास ठेवते. आणि ते जास्त भयंकर आहे! मीठ नाही, तर मग हे काय आहे?

परतताना टॅक्सीत ह्यांनी माझ्या खांद्यावर डोकं ठेवलं. चारचौघांत! एकोणतीस वर्षांत कधी ठेवलं नव्हतं.

२५ ऑक्टोबर

ह्यांना दिवसभर कळ होती. उशी दातात.

पानं कापणीला यायला अजून चार महिने. पाच रोपं, तीसुद्धा बोटभर. मोजायचं तरी काय?

२६ ऑक्टोबर, गुरुवार

नवं पान! मातीतल्या एकीला. मधोमध, पोपटी, कडा स्वच्छ. मग बघितलं तर दुसरीलाही. भुशातल्या त्या एकटीला अगदी टाचणीच्या डोक्याएवढं, पण आहे!

ओरडतच आत गेले. हे काठी घेऊन माझ्याआधी दारात! मान्तुसी कुंपणापलीकडून म्हणाली, "काय गं, लॉटरी लागली?" ह्यांनी तिला हात करून बोलावलं. तिघंही भिंतीमागे बसलो, डब्यांभोवती, शेकोटीला बसल्यासारखे. मान्तुसीने तिच्याकडची मोठी नातही आणली, तिच्या बहिणींना भेटवायला म्हणून.

हे म्हणाले, "काय केलंस गं ह्यांना?"

"काही नाही. एक गोष्ट बंद केली."

"कुठली?"

मी सांगितलं. सगळं. प्रार्थनेचं पाणी, अर्धा कप, एक कप. वाटलं, हसतील. हसले नाहीत. मान्तुसीही हसली नाही.

आज सभेला गेले नाही. तरी प्रार्थना केली, रोपांशेजारीच बसून. नुसती प्रार्थना, पाण्याशिवाय.

२७ ऑक्टोबर, शुक्रवार

पहाटे कप घेऊन गेले. हे भिंतीला टेकून बसले होते. कपात बघून म्हणाले, "माभेले, त्या पाच पोरींना मान्तुसीच्या टाकीतलं, आणि मला मात्र अजून समुद्रच?"

थट्टेने म्हणाले.

कप इथे वहीशेजारी ठेवलाय. दवाखाना आठला उघडतो. पुढची पानं पुन्हा चाळली. साबण, पीठ, रॉकेल. हे पाणी त्यात कुठेच नाही. फुकट येतं म्हणून कधी लिहिलंच नाही.

मागच्या पानांवर आहे. माझ्याच अक्षरात. अर्धा कप. मग एक कप. रोज, अनशापोटी.